ठाणावरचं अंथरूण

घोडा उभ्यानं झोपतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय आणि ते निम्मंच खरं आहे. घोड्याच्या पायांची बांधणीच अशी असते, की मागच्या पायाची वाटी जागच्या जागी अडकवून तो फारसे श्रम न पडता तासन्‌तास डुलक्या काढू शकतो. पण ज्या झोपेत मिटल्या पापण्यांआड बुबुळं फिरतात आणि अंग पूर्ण सैल पडतं, ती झोप त्याला उभ्यानं येत नाही. तिच्यासाठी अंग टाकावंच लागतं. दिवसरात्र मिळून घोडा जेमतेम तीनेक तास झोपतो. त्यातली ही आडवी झोप अर्ध्यापाऊण तासाची. तेवढीही मिळेनाशी झाली, की काही दिवसांनी उभा घोडा डुलकीतच पुढच्या गुडघ्यांवर कोसळतो, दचकून सावरतो, पुन्हा कोसळतो. गुडघ्यांवर आणि घोट्यांवर पुढच्या बाजूनं जखमा दिसू लागतात. मालकाला वाटतं, फिट आली. कारणं अनेक असतात. सांध्यांचं दुखणं, नवी जागा, शेजारचा दांडगा घोडा. पण जाणता डॉक्टर घोडा तपासता तपासता त्याच्या पायाखालीही बघून घेतो.

मुळात हे पळून जीव वाचवणारं जनावर. आडवं पडलं, की उठून पळायला लागणारे दोन-तीन क्षण त्याच्या हिशेबात धोक्याचे असतात. जमीन ओली असेल, घसरडी असेल, उठताना खूर सरकला असेल, तर ते तो विसरत नाही. म्हणून घोड्याखाली काय पसरायचं, हा प्रश्न मायेचा किंवा ऐटीचा नाही. आपल्याकडे तो फार उशिरा विचारला जातो. चंदी कोणती, खुराक किती, नाल कुठून आणायचे, यावर तबेल्यात तासभर वाद चालतात. अंथरुणाचं मात्र ‘जे स्वस्त मिळेल ते’ यावर भागतं.

पुण्याच्या पूर्वेला, सोलापूर रस्त्यापासून बरंच आत, एक तबेला आहे. निवृत्त झालेले काही शर्यतीचे घोडे, रपेट शिकायला येणाऱ्या मुलांसाठी ठेवलेले काही, आणि दोन गाभण घोड्या. श्रावणातली सकाळ, उजाडायच्या आत. सईसानं पहिल्या ठाणाचं दार उघडलं, घोडा बाहेर काढून बांधला आणि आत शिरण्याआधी उंबऱ्याशीच थांबून नुसता बघत राहिला. मी विचारलं, काय बघताय? “रात्र बघतोय, साहेब,” तो म्हणाला.

मग त्यानं जे दाखवलं ते मला एरवी कधीच दिसलं नसतं. मागच्या कोपऱ्यात अंथरुणाचा खोलगट दबलेला भाग, म्हणजे घोडा तिथे आडवा पडला होता. शेपटीच्या केसांत आणि पाठीच्या उजव्या बाजूला लाकडाचा छिलका अडकलेला, म्हणजे नुसता बसला नव्हता, कुशीवर झोपला होता. लिदीचे ढीग मोजले, रोजच्याएवढे. एक फोडून पाहिला, दाणा अख्खा पडतोय का ते बघायला. मुताचा ओला पट्टा फिकट छिलक्यावर तांबूस दिसत होता. त्याला मी घाबरलो, तो नाही. घोड्याचं मूत मुळात गढूळ, चुना कालवलेल्या पाण्यासारखं असतं आणि हवा लागली की कधी कधी लालसर होतं. ताज्या धारेतच लाली असेल तर मात्र डॉक्टरला फोन. पलीकडच्या ठाणात अंथरूण सगळं विस्कटलेलं, भिंतीला टापांचे ओरखडे आणि लीद जवळजवळ नाहीच. त्या घोड्याला त्यानं सकाळची चंदी दिली नाही आणि आधी मालकाला उठवायला गेला. पोटशूळ घोड्याला तासाभरात कुठल्या कुठे नेतो.

तेव्हापासून मला वाटतं, की अंथरूण निवडताना पहिली कसोटी हीच धरावी: सकाळी त्यावर काय काय वाचता येतं? गडद, चिखलासारखं झालेलं अंथरूण मुकं असतं.

दुसरी कसोटी नाकाची. साडेचारशे-पाचशे किलोंचा घोडा दिवसाला १५ ते २० किलो लीद टाकतो आणि सात ते दहा लिटर मुततो. मुतातला युरिया अंथरुणातल्या जीवाणूंच्या तावडीत सापडला, की अमोनिया सुटतो. आपण दारात उभं राहून ‘फार वास नाही’ म्हणतो, तेव्हा आपलं नाक जमिनीपासून पाच फुटांवर असतं. वास जिथून उठतो तिथे, जमिनीलगत, आडव्या घोड्याचं आणि शिंगराचं नाक असतं. शिवाय घोड्याला तोंडानं श्वास घेता येत नाही. जे काही आत जायचं ते नाकातूनच. चौखूर दौडताना त्याचा श्वास टापांच्या लयीशी बांधलेला असतो, एका झेपेला एक श्वास, मिनिटाला शंभराच्या वर. ज्या फुप्फुसांवर शर्यत जिंकायची, ती रात्रभर अमोनिया आणि बुरशीची धूळ ओढत असतील, तर सकाळच्या सरावात खोकला येणारच. घोड्यांचा दमा म्हणून जो विकार आहे, त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा वाळल्या गवतातली आणि पेंढ्यातली बुरशी असते. अस्परजिलस हे त्यातलं ठळक नाव.

मग पसरायचं काय?

इंग्रजी पुस्तकं उघडली, तर पहिलं नाव गव्हाच्या काडाचं. लांब, पोकळ, चमकदार काड. हवा खेळते, मूत खाली निथळतं, वरचा थर कोरडा राहतो. सल्ला उत्तम, पण आपल्याकडे गहू मळणीयंत्रातून निघतो तेव्हा काडाचा बारीक भुसा होऊन निघतो. तो गुरांना चांगला, घोड्याखाली धूळच. आपल्याकडे लांब राहतो तो भाताचा पेंढा, कारण मावळ-मुळशीत आणि कोकणात भात अजूनही बऱ्याच ठिकाणी झोडून काढतात. पेंढा मऊ असतो, दबतो, गव्हाच्या काडापेक्षा लवकर ओला होऊन बसतो, पण घोडा त्यावर सुखानं अंग टाकतो. युरोपात काडावरचे आणि लाकडाच्या छिलक्यावरचे घोडे रात्रभर न्याहाळून झालेल्या अभ्यासांत काडावरचे घोडे पूर्ण आडवे जास्त वेळ पडलेले आढळले. शिवाय दिवसभर ठाणबंद राहणाऱ्या घोड्याला चघळायला काहीतरी मिळतं. तो दार कुरतडत नाही, डोलत बसत नाही.

आणि पेंढ्याचं वैगुण्यही तेच. घोडा अंथरूण खातो. थोडं खाल्लं तर बिघडत नाही, पण अधाशी घोडा रात्रीत काही किलो रिचवतो, वर पाणी कमी प्यायला, तर आतड्यात गोळा अडकतो. शर्यतीच्या तबेल्यात याला आणखी एक वळण आहे, आणि ते मला सगळ्या विषयातलं सर्वांत मजेदार वाटलं. घोड्याला फ्लुनिक्सिनसारखं वेदनाशामक दिलं, ते मुतावाटे बाहेर पडलं, मूत पेंढ्यावर सांडलं आणि घोड्यानं तो पेंढा खाल्ला. औषध परत पोटात. डॉक्टरांनी धरलेले दिवस उलटून गेले तरी नमुन्यात ते सापडतं, आणि उत्तेजक-चाचणीत घोडा अडकतो. एवढ्यावर भागत नाही. तबेल्यातला माणूस स्वतः गोळ्या घेत असेल आणि आळस करून ठाणातच कोपऱ्यात लघवीला बसला, तरी त्याचं औषध घोड्याच्या नमुन्यात उतरू शकतं. ब्रिटनमध्ये रेसिंगच्या नियामकांनी कामगारांना ठाणात लघवी करू नका म्हणून सांगितलेलं आहे ते यासाठीच.

आपल्या हवामानात पेंढ्याची खरी परीक्षा पावसाळ्यात. रेसिंगचं वेळापत्रकही नेमकं उलटं पडतं. मुंबईचा मोसम हिवाळ्याचा, महालक्ष्मीवर. पावसाळा लागला की पुण्याचा मोसम. म्हणजे भात निघून ताजा, पिवळाधमक पेंढा दिवाळीच्या सुमाराला बाजारात येतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात घोडे पळत असतात तेव्हा तो पेंढा आठ-नऊ महिने जुना, गंजीत दमट झालेला असतो. गठ्ठा सोडून उन्हाच्या कवडशात झटकून बघावा. धूर निघाल्यासारखी धूळ उडाली किंवा कुबट वास आला, की तो ठाणात न्यायचा नाही, कितीही पैसे मोजलेले असोत. तो झटकताना घोडा बाहेर हवा, हेही ओघानं आलं. एक घोडा छिलक्यावर आणि त्याला लागून दुसरा कुबट पेंढ्यावर, मध्ये अर्धी भिंत, असली व्यवस्था मी पाहिलीय. हवा तर दोघांची एकच असते.

एक गोष्ट आणखी. पेंढा हा चारा आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात मराठवाड्यात आणि माणदेशात गुरं चारा छावण्यांत बांधलेली असताना चांगला चारा घोड्याच्या पायाखाली पसरणं अनेकांच्या हातून होईना. हे भावनेचं आहे असं म्हणून सोडून देता येत नाही. अशा वर्षी भावही तेच सांगतात.

म्हणून मग वखारीकडे वळायचं. लाकडाचा भुसा आणि रंध्याचा छिलका या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि गफलत इथेच होते. करवतीचा बारीक भुसा पाणी झटकन शोषतो, पण धुळीचा असतो आणि खुरात गच्च बसतो. तळव्यातला ओलावा कोंडून खुराच्या मधला मऊ भाग सडतो, काळा पडतो, घाण वास मारतो. छिलका कुरळा, जाड, कमी धुळीचा. चाकण-भोसरीकडे यंत्रसामग्रीच्या पेट्या बनवणाऱ्यांकडे पाइनचा छिलका मिळतो, तो फिकट, हलका आणि वर म्हटल्याप्रमाणे वाचायला सोपा. मात्र पोतं उघडल्यावर त्यातून लोहचुंबक फिरवल्याशिवाय पसरू नये. खिळे आणि स्टेपलच्या पिना निघतात. फर्निचरवाल्याकडून आणला तर त्यात प्लायवुडचा आणि एमडीएफचा, म्हणजे डिंक-रेझिनचा भुसा असतो. सागाचा भुसा तर माणसाच्या कातडीलाही चावतो.

कुठलं लाकूड, हे का विचारायचं, याचा धडा अमेरिकेत घोड्यांनी स्वतःच्या पायांवर घेतलाय. तिथल्या काळ्या अक्रोडाचा ताजा छिलका अंथरुणात मिसळलेला असला, तर घोड्याला एका दिवसाच्या आत खुरांचा दाह होतो. पाय सुजतात, घोडा पाऊल टाकेनासा होतो. सगळं अंथरूण अक्रोडाचं असायची गरज नाही, पाचवा हिस्सा पुष्कळ होतो. बरेच दिवस दोष जुग्लोन नावाच्या द्रव्यावर टाकला गेला, पण नुसतं जुग्लोन देऊन ते दुखणं हुबेहूब उभं राहिलं नाही. आपल्याकडे हे झाड नाही, काश्मिरी अक्रोडाची जात वेगळी. पण वखारवाल्याला ‘मिक्स आहे’ यापलीकडे काही सांगता येत नसेल, तर दुसरी वखार शोधावी.

बाकीच्यांची हजेरी भराभर घेतो. भाताचं तूस स्वस्त आणि मुबलक, पण ते पाणी फारसं शोषत नाही, वाऱ्यानं उडून डोळ्यांत जातं. उसाचं चिपाड पश्चिम महाराष्ट्रात कुणालाही सुचेल. शोषतं छान, पण उरल्यासुरल्या गोडव्यापायी घोडा ते खातो, आणि दमट चिपाडावर जी बुरशीसारखी वाढ होते, तिच्या धुळीनं साखर कारखान्यांतल्या कामगारांना फुप्फुसाचा खास आजार होतो, बगॅसोसिस. शिवाय बहुतेक चिपाड आता कारखानेच विजेसाठी जाळतात. काथ्याचा भुसा, म्हणजे नर्सरीवाल्यांचं कोकोपीट, वजनाच्या कितीतरी पट पाणी पितं. मात्र त्याचा रंग गडद, म्हणून त्यावर रात्र वाचता येत नाही; महागही पडतं. कागदाच्या पट्ट्यांना धूळ नसते, पण ओल्या झाल्या की लगदा. वाळू निचऱ्याला उत्तम. तिच्यावर चारा टाकला, तर चाऱ्याबरोबर वाळू पोटात जाऊन साठते आणि पोटशूळ होतो. रबराच्या चटया हल्ली सगळीकडे दिसतात. त्या शहाबादी फरशीवर घसरण्यापासून वाचवतात आणि सांध्यांना आधार देतात, हे मान्य. पण चटई काही पीत नाही. तिच्यावर मूठभर भुसा भुरभुरवून खर्च वाचवणाऱ्या मालकांनी आठवड्यातून एकदा ती चटई उचलून खाली नाक न्यावं.

व्याणाऱ्या घोडीच्या बाबतीत मात्र वाद नाही. छिलका ओल्या शिंगराच्या अंगाला, नाकातोंडाला चिकटतो. तिथे स्वच्छ, लांब पेंढाच.

अंथरुणाची जाडी किती, याचं उत्तर सईसानं मापानं दिलं नाही. तो ठाणाच्या मध्यभागी उडी मारल्यासारखा दाणकन दोन्ही गुडघ्यांवर बसला आणि उठून पायजमा दाखवला. गुडघा फरशीला लागला तर थर कमी, कापड ओलं झालं तर खालचं काढायला हवं होतं. इंग्लंडमधल्या तबेल्यांतही हीच परीक्षा घेतात. छिलक्याचा थर साधारण सहा-आठ इंच, आणि भिंतीलगत चारी बाजूंनी त्याहून उंच बांध. तो बांध शोभेचा नाही. भिंतीला खेटून लोळलेला घोडा पाय वर अडकून उलथा पडतो आणि त्याला उठता येत नाही; बांध त्याला भिंतीपासून दूर ठेवतो.

युरोपातल्या थंड मुलखात ओल्यावर नवा थर टाकत महिनोन्‌महिने जाड गादी साठवायची पद्धत आहे. आतून ती उबदार राहते. आपल्याकडे ऊब नको असते आणि माश्या हव्याच असतात असं नाही. घोड्याला चावणारी तबेल्याची माशी नेमकी मूत मिसळून कुजणाऱ्या पेंढ्यात अंडी घालते. इथे रोज काढायचं, रोज. त्याआधी जमिनीला उतार आणि बाहेर न्यायला पन्हळ. हे नवं नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचा अध्याय आहे. त्यात प्रत्येक घोड्याला वेगळं चौरस ठाण, खाली गुळगुळीत फळ्या आणि मूत-लीद बाहेर जायला वाट सांगितली आहे. ग्रीक झेनोफननं ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात घोड्यांवर लिहिताना ओल्या, सपाट जमिनीनं चांगले खूर नासतात असं बजावलं आणि उतार करून दगड बसवायला सांगितलं. दोघांनाही काळजी मऊपणाची नाही, ओलीची आहे.

आणि साठ्याची काळजी बघायची असेल, तर शिवाजी महाराजांचं १६७३-७४ च्या सुमाराचं, चिपळूण भागात छावणीला असलेल्या जुमलेदारांना लिहिलेलं पत्र. रयतेच्या भाजीच्या देठाला हात न लावण्याच्या संदर्भात त्याचा उल्लेख नेहमी होतो, पण ते पावसाळ्याच्या तोंडावर पागेच्या व्यवस्थेचं पत्र आहे. साठवलेला दाणा आणि गवत हवं तसं उधळलंत, तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही आणि घोडी मरतील, ती तुम्हीच मारलीत असं होईल, असा त्याचा रोख. मग आगीची ताकीद: कुणी चूल पेटवील, कुणी तंबाखूला विस्तव नेईल, कुणी दिवा जळता ठेवील आणि उंदीर पेटती वात गवतात नेईल. उंदीर आणि वात! पेंढ्याच्या गंजीशेजारी बिडी ओढणारा माणूस आजही प्रत्येक तबेल्यात एक तरी असतो, आणि आता वातीऐवजी उघड्या वायरी आहेत.

काही घोड्यांना हा प्रश्नच पडत नाही. धनगरांच्या कळपाबरोबर बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणारी भीमथडीची तट्टं आज या रानात, उद्या त्या. जमीन रोज नवी, लीद शेतकऱ्याला हवीच असते. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याच्या यात्रेत हजारांनी घोडे येतात, मोकळ्या मातीवर अगाडी-पिछाडी बांधून उभे राहतात आणि पहाटे त्यातले बरेच खुशाल पसरलेले दिसतात. कोरडी मोकळी माती आणि शेजारी आपलंच कुणी असलं, की घोडा बाकी काही मागत नाही. छत, भिंत आणि फरशी आपण देतो, तेव्हा अंथरूणही द्यावं लागतं.

राहता राहिला उकिरडा. अंथरूण विकत घेताना मालक एकच भाव बघतो, पण ते रोज काढून टाकायचंही असतं आणि निवडीचा निकाल पुष्कळदा तिथे लागतो. पेंढ्याचं ठाण साफ केलं की ढीग मोठा होतो. पण तो कुजतो आणि त्याला गिऱ्हाईक आहे. बटन मशरूमची शेती तर अशाच खतावर, घोड्याची लीद मिसळलेल्या गव्हाच्या काडावर, उभी राहिली. पॅरिसमध्ये भुयारी खाणींत मशरूम पिकवायचे तेव्हा खत शहरातल्या तबेल्यांतून यायचं. काडात नत्राच्या एका भागामागे कार्बनचे ८० ते १०० भाग असतात, लाकडात ४०० आणि त्याहून जास्त. ते ताजंताजं शेतात टाकलं, तर कुजताना जमिनीतलंच नत्र ओढून घेतं आणि पीक पिवळं पडतं. शेतकऱ्याला हे गणित मांडून दाखवावं लागत नाही. सोलापूर रस्त्याजवळच्या त्या तबेल्यातून पुरंदरकडचा एक अंजीरवाला ट्रॉली भरून खत नेतो. मालकानं सगळं छिलक्यावर न्यायचं ठरवलं, तेव्हा त्यानं ट्रॉली पाठवणंच बंद केलं. शेवटी तडजोड झाली: गाभण घोड्या आणि निवृत्त घोडे पेंढ्यावर, कामाचे आणि खोकणारे छिलक्यावर, आणि मागे दोन वेगळे ढीग. पेंढ्याचा पंधरवड्याला उचलला जातो. छिलक्याचा वर्षभर पडून राहतो, अधूनमधून शेणकाला मारून उलटावा लागतो आणि जून उजाडायच्या आत रपेटीच्या रिंगणाकडेच्या झाडांना जातो. तोवर त्यानं दोन घोड्यांची ठाणं होतील एवढी जागा अडवलेली असते, आणि ती कुठल्याच हिशेबात धरलेली नसते.